एकराचा डोस आणि दाण्यावरचा डोस: कीटकनाशक मातीतल्या जिवाणूंपर्यंत कसं पोचतं

सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी बघायच्या असतील तर झाड उपटायचं नाही. पेरणीला पाचेक आठवडे झाले की कुदळीने झाडाच्या चारी बाजूंनी टोचून, ढेकळासकट उचलायचं आणि बादलीभर पाण्यात हळूहळू हलवायचं. माती आपोआप सुटते, मुळं मोकळी होतात आणि त्यांना चिकटलेल्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. झाड हिसक्याने उपटलं तर त्या तुटून मातीतच राहतात आणि आपण म्हणतो, ‘यंदा गाठीच धरल्या नाहीत.’

एक गाठ नखाने फोडा. आत मटणाच्या तुकड्यासारखा लालसर-गुलाबी रंग दिसला तर ती कामाला लागलेली आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावंडाचा. आत पांढरट दिसलं तर गाठ अजून कोवळी आहे किंवा निकामी आहे, आणि हिरवट-तपकिरी असेल तर तिचे दिवस संपले. चांगल्या गाठी धरलेलं सोयाबीन, गाठींत राहणाऱ्या जिवाणूंच्या मदतीने, आपल्या गरजेच्या जवळपास निम्मा नत्र हवेतून मिळवतं. त्यासाठी दुकानात जावं लागत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या शेतात एकाच पोत्यातलं बियाणं दोन तुकड्यांत पेरलं. एका तुकड्याच्या बियाण्याला घाईघाईत बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक (गाठी करणाऱ्या जिवाणूंचं पाकीट) असं सगळं एकाच घमेल्यात कालवून लावलं, कारण आभाळ भरून आलं होतं आणि तिफण उभी होती. दुसऱ्या तुकड्याच्या बियाण्याला औषधं आदल्या दिवशी लावून सावलीत सुकवली आणि जिवाणू पेरणीच्या सकाळी लावले. पाच आठवड्यांनी दोन्हीकडची झाडं उचलली. दुसऱ्या तुकड्यात गाठी मुख्य मुळाच्या गळ्याशी घोसाने होत्या. पहिल्यात गळा जवळजवळ रिकामा होता आणि बाजूच्या बारीक मुळ्यांवर तुरळक गाठी होत्या. गळ्याशी जमणाऱ्या गाठी बहुतेक बियाण्याबरोबर लावलेल्या जिवाणूंच्या असतात. लांबच्या गाठी जमिनीत आधीपासून राहणाऱ्या जिवाणूंच्या. म्हणजे पाकिटातले जिवाणू घमेल्यातच मेले होते आणि जे काही काम चाललं होतं ते जमिनीतल्या जुन्या जिवाणूंच्या जिवावर. एका शेतातला हा अनुभव आहे, शास्त्रीय प्रयोग नव्हे. पण त्या दिवसापासून एक प्रश्न डोक्यात बसला. कीटकनाशक किड्यांसाठी असतं. मग ते जिवाणूला का लागावं?

ज्याला मज्जातंतू नाहीत त्याला विष कसं लागतं

प्रश्न वाटतो तेवढा भाबडा नाही. आपण वापरतो ती बहुतेक कीटकनाशकं किड्याच्या मज्जासंस्थेवर मारा करतात. क्लोरपायरिफॉस, प्रोफेनोफॉस, फोरेट ही ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं मज्जातंतूंमधला निरोप थांबवणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. निरोप थांबत नाही, किडा थरथरून मरतो. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही निओनिकोटिनॉइड गटातली औषधं निरोप घेणाऱ्या जागेवरच जाऊन बसतात. सिंथेटिक पायरेथ्रॉइड मज्जातंतूतल्या सोडियमच्या झडपा उघड्या ठेवतात. जिवाणू म्हणजे एकच पेशी. त्याला मेंदू नाही, मज्जातंतू नाही. कागदावर बघितलं तर यातलं एकही औषध त्याच्या वाट्याला जायला नको.

ते जातं ते आडवाटांनी, आणि या आडवाटा नीट समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली वाट औषधाच्या सोबत्यांची. बाटलीवर ‘ईसी’ लिहिलेलं असतं तेव्हा आत विष द्रावकात विरघळवलेलं असतं आणि पाण्यात मिसळावं म्हणून त्यात साबणासारखे पदार्थ घातलेले असतात. पाण्यात ओतल्यावर ते दुधासारखं पांढरं होतं ते त्यामुळे. जिवाणूच्या पेशीभोवतीचं आवरण स्निग्ध पदार्थाचं असतं, आणि द्रावक व साबण त्याच आवरणाला भिडतात. घमेल्यात दाट औषध आणि जिवाणू एकत्र कालवले तेव्हा आमच्याकडे बहुधा हेच झालं असावं.

दुसरी वाट औषध मोडल्यावर उरणाऱ्या तुकड्याची. क्लोरपायरिफॉस जमिनीत मोडतं तेव्हा त्यातून ट्रायक्लोरोपिरिडिनॉल नावाचा पदार्थ निघतो. हा मूळ औषधाइतका कीटकांना घातक नसतो, पण सूक्ष्मजीवांना मारक असतो. शेतकरी म्हणतो, ‘औषध उतरलं, आता काळजी नाही.’ औषध उतरलेलं असतं हे खरं, पण त्याच्या मोडीतून तयार झालेला पदार्थ मातीत असतो.

तिसरी वाट मला स्वतःला सगळ्यात विलक्षण वाटते. मूळ आणि जिवाणू एकमेकांशी बोलतात. भाषा रसायनांची असते. नत्राची भूक लागली की द्विदल पिकाचं मूळ मातीत फ्लेव्होनॉइड नावाचे पदार्थ सोडतं. मातीतल्या रायझोबियमकडे, म्हणजे गाठी करणाऱ्या जिवाणूकडे, ते ओळखणारं एक प्रथिन असतं. हाक ऐकू आली की जिवाणू उलट निरोप पाठवतो, मूळ आपला केस वाकवून त्याला आत घेतं आणि गाठ तयार व्हायला लागते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ साली लसूणघासावर केलेल्या कामात दाखवून दिलं, की मिथाईल पॅराथिऑन, डीडीटी यांच्यासारखी काही रसायनं या बोलण्यात आडवी येतात. जिवाणू जिवंत असतो, मूळही जिवंत असतं, पण हाक पोचत नाही. गाठी उशिरा धरतात, कमी धरतात आणि पिकाचं वजन घटतं. मिथाईल पॅराथिऑनची भुकटी आपल्याकडे वर्षानुवर्षं बांधावर, मुंग्यांच्या वारुळावर, हुमणी या मुळं खाणाऱ्या किडीच्या भुंग्यांवर धुरळली गेली. २०१८ साली देशात तिच्यावर बंदी आली.

चौथी वाट लांबून येते. मातीत जिवाणूंना खाणारे, काडीकचरा कुरतडून बारीक करणारे आणि तो खाली ओढून नेणारे जीव असतात. गांडुळं, कोळ्यांच्या जातीतले डोळ्याला जेमतेम दिसणारे प्राणी, शेणखत उकरलं की टुणकन उडणारे पांढुरके किडे. यांना मात्र मज्जासंस्था असते आणि कीटकनाशक त्यांना सरळ लागतं. गांडुळाला कार्बोफ्युरॉन अतिशय घातक आहे. जवळपास ४०० शोधनिबंध एकत्र अभ्यासून २०२१ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मातीतल्या अशा छोट्या प्राण्यांवर कीडनाशकांचा परिणाम तपासलेल्या नोंदींपैकी सुमारे ७० टक्के नोंदींत परिणाम वाईट निघाला. हे प्राणी कमी झाले की काडीकचरा अख्खा राहतो, आणि अख्खी काडी जिवाणूच्या तोंडी लागायला फार वेळ जातो.

भातशेतीत याचं उलटं उदाहरणही सापडलं. १९६०च्या दशकात फिलिपिन्समधल्या पाणथळ भातजमिनीत बीएचसी हे कीटकनाशक टाकल्यावर शेवाळ वाढलं. औषधाने शेवाळाला काही दिलं नव्हतं. शेवाळावर चरणारे बारीक पाणकिडे मेले, एवढंच. त्यामुळे ‘औषध टाकलं की सूक्ष्मजीव मरतात’ असं सरसकट वाक्य मी लिहिणार नाही. मातीत एकाला धक्का लागला की तिसराच हलतो.

सरासरी फसवते

कीटकनाशक आणि जमीन या विषयावर बोलायला लागलं की दोन टोकाची माणसं भेटतात. एक म्हणतात, सगळी जमीन मेली. दुसरे म्हणतात, एकरात एवढुसं औषध, त्याने काय होतंय? दुसऱ्यांचं गणित मांडून बघू, कारण ते वरवर पाहता बरोबर आहे.

एका एकरातली वरची पाऊण वीत माती, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरचा थर, वजनाने ९ लाख किलोच्या घरात जातो. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलो धरू. खोडमाशीसाठी थायामेथोक्झाम ३० टक्के एफएस (बियाण्याला लावायचं पातळ औषध) किलोला १० मिलिलिटर लावतात. म्हणजे किलोभर बियाण्यावर ३ ग्रॅम मूळ विष, एकराला ९० ग्रॅम. ते ९ लाख किलो मातीत वाटलं तर किलोमागे ०.१ मिलिग्रॅम येतं. खरंच एवढुसं.

आता हेच गणित जिवाणूच्या जागेवरून मांडा. रायझोबियमचं पाकीट आपण एकरभर मातीला लावत नाही, त्याच दाण्याच्या सालीला लावतो. तिथे किलोमागे ३ ग्रॅम आहे, म्हणजे ३००० मिलिग्रॅम. सरासरीच्या ३० हजार पट. जिवाणू सरासरीत राहत नाही, तो दाण्यावर राहतो.

दाणेदार औषधांचंही तसंच. फोरेट १० टक्के दाणेदारच्या दहा किलोंत एक किलो विष असायचं. एकरभर मातीत वाटलं तर किलोला सुमारे १ मिलिग्रॅम. पण ते कुणी एकरभर एकसारखं पसरत नसे. उसाच्या सरीत, केळीच्या बुंध्याशी, आल्याच्या गादीवर मूठमूठ पडायचं. मूळ जिथे असतं तिथेच जिवाणूंची गर्दी असते, कारण मूळ त्यांना साखर पाझरून देतं. आपण औषध नेमकं त्या गर्दीच्या ठिकाणी टाकत होतो. डिसेंबर २०२० अखेर फोरेटवर बंदी आली, पण टाकायची सवय तशीच राहिली. औषधाचं नाव तेवढं बदललं. ठिबकमधून सोडतो तेव्हाही तेच होतं. ठिबकच्या तोटीखाली ओल्या मातीचा जो कांदा तयार होतो, त्यातच मुळं असतात, त्यातच जिवाणू असतात, आणि त्यातच आपण कीटकनाशकाची आळवणी करतो, म्हणजे ते मुळाशी ओततो. त्याच आठवड्यात त्याच नळीतून ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी आणि जीवामृतही सोडणारे शेतकरी मी पाहिले आहेत. मनापासून करतात, खर्च करतात. सकाळी पेरलेलं संध्याकाळी मोडतं.

त्यामानाने पानावरची फवारणी मातीला हलकी. काही थेंब खाली पडतात, काही पावसाने धुपून येतात, पण मुळाशी ओतण्याशी त्याची बरोबरी नाही. शिफारशीच्या मात्रेत केलेल्या फवारणीनंतर मातीतल्या सूक्ष्मजीवांचं काम काही दिवस ते काही आठवडे मंदावतं आणि पुन्हा पूर्वपदाला येतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसतं. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सूक्ष्मजीवांना, विशेषतः बुरशींना, कीटकनाशकांपेक्षा बुरशीनाशकं जास्त जाचक असतात. त्यात नवल नाही, ती बुरशी मारण्यासाठीच बनवलेली असतात. मुळांना स्फुरद आणून देणारी मायकोरायझा ही बुरशीच आणि ट्रायकोडर्माही बुरशीच.

माती जिवंत आहे हे मोजतात कसं

चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये दहा कोटींपासून शंभर कोटींपर्यंत जिवाणू असतात. त्यातले बहुतेक प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढतच नाहीत, त्यामुळे नुसती मोजदाद पुरी पडत नाही. म्हणून संशोधक त्यांचं काम मोजतात.

त्यातली एक पद्धत मला शिकत असताना फार आवडली. मातीत टेट्राझोलियम नावाचं बिनरंगी रसायन घालून परीक्षानळी दिवसभर उबेत ठेवायची. जिवंत सूक्ष्मजीवांच्या पेशीत डिहायड्रोजनेज नावाचं विकर असतं. श्वसन चालू असलं की ते या रसायनाला लाल करतं. दुसऱ्या दिवशी मिथेनॉल घालून गाळलं की रंग खाली येतो. बांधाखालच्या, कधीच न नांगरलेल्या गवती पट्ट्यातल्या मातीची नळी डाळिंबाच्या रसासारखी होती. शेजारच्या वावरातली माती, जिथे दर हंगामात मुळाशी औषध पडायचं, तिची नळी पाणी घातलेल्या रूहअफ्झासारखी फिकट. दोन्ही जागांत अंतर पंधरा पावलांचं. हा सगळा फरक औषधाचा असं मी म्हणणार नाही, गवताखाली कर्बही जास्त होता. पण माती श्वास घेते हे वाक्य मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

दुसरी मोजणी युरियाची. आपण टाकलेला युरिया आधी युरिएज विकरामुळे अमोनियात बदलतो, मग नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोबॅक्टरसारखे त्याचं नायट्रेट. बहुतेक पिकं नत्र मुख्यतः नायट्रेटच्या रूपात उचलतात. या साखळीतले जिवाणू संख्येने थोडे, वाढायला संथ आणि नाजूक. मातीत कुठलंही रसायन जास्त झालं की पहिला फटका बहुधा यांनाच बसतो. काही आठवडे साखळी अडकली तर पोतं रिकामं करूनही पीक पिवळंच राहतं, आणि आपण आणखी एक पोतं आणतो.

विष खाणारे

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जिचं मला खरोखर अप्रूप आहे. १९७३ साली फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत भारतीय शास्त्रज्ञ एन. सेतुनाथन आणि त्यांचे जपानी सहकारी योशिदा यांनी भाताच्या पाणथळ जमिनीतून एक जिवाणू वेगळा काढला. त्या जमिनीत डायझिनॉन पुन्हा पुन्हा टाकलेलं होतं. या जिवाणूने डायझिनॉन आणि पॅराथिऑन मोडून दाखवलं. पुढे अनेक देशांतल्या जमिनींत असे जिवाणू सापडत गेले. भारतातल्या मातीतून मिळालेला स्फिंगोबियम इंडिकम हा जिवाणू तर लिंडेनसारखं चिवट क्लोरीनयुक्त विष मोडतो.

आपण जमिनीत टाकलेलं औषध नाहीसं होतं ते मुख्यतः या जिवांमुळे. ऊन, पाणी आणि मातीचा सामू यांचाही हात असतो, पण मोठं काम यांचं. ऑरगॅनोफॉस्फेट औषधात कर्ब असतो, फॉस्फरस असतो. ज्याला ते पचवता येतं त्याच्यासाठी ते अन्नच. म्हणून काही प्रयोगांत औषध टाकल्यावर जिवाणूंची संख्या वाढलेलीही दिसते. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात असं वाचलं तर हुरळून जाऊ नका. वाढतात ते विष पचवणारे दोन-चार प्रकार. गावात लोकसंख्या वाढली, पण सुतार, लोहार, कुंभार निघून गेले आणि एकाच धंद्याची माणसं राहिली, तर गाव चालेल का?

याचाच एक परिणाम शेतकऱ्याच्या खिशाला जाऊन भिडतो. एकच औषध त्याच जमिनीत वर्षानुवर्षं टाकलं की ते पचवणारे जिवाणू तिथे इतके माजतात, की औषध किडीपर्यंत पोचण्याआधीच संपतं. कार्बोफ्युरॉनच्या बाबतीत हे अनेक देशांत नोंदवलं गेलं आहे. आपल्याकडे औषध चालेनासं झालं की दोनच शंका येतात, माल बनावट आहे किंवा कीड तयारीची झाली आहे. दोन्ही खऱ्या असू शकतात. पण मुळाशी टाकायच्या औषधात ही तिसरीही शक्यता असते. आणि त्यावर मात्रा वाढवणं म्हणजे चोराला आणखी मोठं कुलूप विकत घेऊन देण्यासारखं आहे, कारण किल्ली त्याच्याचकडे आहे.

पण हे पचवणं फुकट होत नाही. त्याला ओल लागते, ऊब लागते आणि चारा लागतो. इथे आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीची अडचण सुरू होते. माती चिकणी, औषधाला धरून ठेवणारी. सेंद्रिय कर्ब बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा खाली. आणि वर्षातले कित्येक महिने जमीन कोरडी ठणठणीत, उन्हाळ्यात भेगाळलेली. पुस्तकात क्लोरपायरिफॉसचं अर्धं प्रमाण मातीत साधारण ६० ते १२० दिवसांत उतरतं असं दिलेलं असतं, पण परिस्थितीप्रमाणे हा काळ दोन आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत बदलतो. पुस्तकातले आकडे बऱ्याचदा ओलसर, बेताच्या तापमानाच्या मातीतले असतात. रब्बीच्या शेवटी मुळाशी ओतलेलं औषध आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत वाळलेल्या ढेकळांत पडून राहतं. जिवाणू झोपलेले, मोडणार कोण? मृगाच्या पावसाने जमीन जागी होते तेव्हा मागच्या हंगामातला ऐवज तिथे असतोच, आणि आपण त्यावर नवं बियाणं पेरतो.

इमिडाक्लोप्रिड तर आणखी रेंगाळतं, काही जमिनींत वर्षाहून जास्त. बियाण्याला लावलेल्या निओनिकोटिनॉइडचा थोडाच भाग पीक उचलतं. अनेक पिकांत तो ५ टक्क्यांच्या आसपास असतो, क्वचित २० टक्क्यांपर्यंत जातो. बाकीचं माती आणि पाणी यांच्या वाट्याला येतं. युरोपियन संघाने २०१८ साली इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायामेथोक्झाम यांचा उघड्या शेतातला वापर बंद केला तो मधमाश्यांसाठी. मातीचा विचार तेव्हाही मागेच होता.

मग करायचं काय

औषध बंद करा, असं मी कुणाला सांगू शकत नाही. खोडमाशीने पोखरलेलं सोयाबीन मी पाहिलं आहे. हुमणीने मुळं खाल्लेला ऊस हाताने उपसून येतो, तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडाकडे बघवत नाही. प्रश्न कुठे टाकायचं, कधी टाकायचं आणि टाळता येतं का, एवढाच आहे.

बीजप्रक्रियेत क्रम पाळायचा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, ते सावलीत पूर्ण सुकू द्यायचं आणि जिवाणू संवर्धक सगळ्यात शेवटी, पेरणीच्या अगदी आधी. गुळाचं पाणी उकळून गार करायचं, त्यात पाकीट कालवायचं, ताडपत्रीवर पसरलेल्या बियाण्यावर शिंपडून हलक्या हाताने चोळायचं. सोयाबीनची साल पातळ, रगडलं की निघते. लावलेलं बियाणं उन्हात ठेवायचं नाही. दुपारच्या आत पेरून मोकळं व्हायचं. जमत असेल तर त्याहून बरा उपाय म्हणजे जिवाणूंना दाण्यापासून वेगळं काढणं. संवर्धक चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून ओळीत सोडला की दाण्यावरच्या औषधाशी त्याची गाठच पडत नाही. आणि पाकीट घेताना तारीख बघा, तसंच ते दुकानात कुठे ठेवलं होतं तेही बघा. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढलेल्या पाकिटात जिवाणू नसतात, काळी पूड असते. असं पाकीट मी एकदा घरी आणलं आहे.

हुमणीचं गणित वेगळं. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगे जमिनीतून निघतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. त्या तीन-चार आठवड्यांत रात्री फांद्या हलवून भुंगे रॉकेलच्या पाण्यात पाडले तर पुढच्या अळ्यांचा मोठा भाग जमिनीत जातच नाही. एकट्याने करून भागत नाही, शिवारभर करावं लागतं, म्हणून होत नाही. वर्षाला हिची एकच पिढी असते, त्यामुळे हे तीन-चार आठवडे चुकले की मग उरतं ते ऑगस्टमध्ये सरीत औषध ओतणं. मेटारायझियम ही हुमणीला रोगी करणारी बुरशी शेणखतातून जमिनीत देता येते, पण तिला ओल हवी आणि आजूबाजूला बुरशीनाशकाची आळवणी नको. जैविक द्रव्यं आणि रासायनिक आळवणी यांत मी स्वतः निदान तीन आठवडे ठेवतो.

आणि शेवटी पंप धुण्याची जागा. प्रत्येक शेतात ती असते, विहिरीजवळ किंवा हौदापाशी. तिथे औषध ओततात, बाटल्या विसळतात, उरलेलं फेकतात. एकरातली सगळ्यात जास्त विषारी हातभर जमीन तीच, आणि नेमकी पाण्याच्या कडेला. स्वीडनमध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला यावर एक साधा उपाय निघाला. फवारणीचं यंत्र भरायच्या जागी खड्डा करायचा आणि त्यात गव्हाचं काड, माती आणि कुजलेली वनस्पतीजन्य माती यांचं मिश्रण भरायचं, त्यात निम्मं काड. लाकूड कुजवणाऱ्या पांढऱ्या बुरशी काडावर वाढतात, आणि लाकडाचा चिवट भाग मोडणारी त्यांची विकरं औषधंही मोडतात. वरून हिरवळ लावायची म्हणजे ओल टिकते.

आम्ही विहिरीपासून लांब, बांधाच्या वरच्या अंगाला असा खड्डा केला. तळाशी चिकण मातीचा थर चोपला, वर सोयाबीनचं भुसकट, गव्हाचं काड, शेतातली माती आणि कुजलेलं शेणखत. पंप आता तिथेच भरतो, तिथेच धुतो. जुन्या जागी, विहिरीच्या पायरीशी, पूर्वी नुसता लव्हाळा यायचा. मागच्या पावसाळ्याच्या आधी मी जुन्या सुती धोतराचे वीतभर तीन तुकडे पुरले. एक विहिरीच्या पायरीशी, एक वावरात, एक बांधाखालच्या गवतात. दोन महिन्यांनी काढले. गवतातल्या तुकड्याची फक्त काठाची शिवण हाती आली, बाकीचं सुती मातीने खाल्लं होतं. वावरातल्याला जाळीसारखी भोकं पडली होती. पायरीजवळचा तुकडा धुऊन वाळत घातला तर पुन्हा वापरता आला असता. यंदा तिन्ही ठिकाणी पुन्हा पुरले आहेत, पोळा झाला की काढणार आहे.